मालकांचा फॉरेनचा रेडिओ

सोलापुरात भारतात बनलेला एकही जुना रेडिओ नाही. ज्याच्या घरी जावे तो हेच सांगतो. कुणाच्या आजोबांनी तो बोटीवरून आणलेला असतो, कुणाला एखाद्या गोऱ्या साहेबाने जाताना दिलेला असतो. सात रस्त्याजवळच्या एका दुकानदाराने तर मला तोंडावर सांगितले, "मॅडम, ह्याच्या आत हॉलंडची हवा हाय." मी मागचे झाकण उघडले. आत पालीची अंडी होती, आणि पत्र्यावर 'भारतात बनवलेला' असा ठसठशीत इंग्रजी शिक्का होता. दुकानदाराने तो वाकून पाहिला, क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "शिक्का नंतर मारला असंल की."

वस्तुस्थिती अगदी साधी आहे, आणि साधी असूनही ती कुणाला पटत नाही, याचा मला मनापासून वैताग येतो. युरोपातल्या एका बड्या कंपनीने आपल्याकडे एक उपकंपनी काढली होती. आरंभी लाकडी पेट्या, काचा आणि बटणे तिकडून यायची आणि आतली जुळणी इथे व्हायची. पुढे सगळेच इथे बनू लागले. नाव तेच, जाळीवरची सोनेरी अक्षरेही तीच. त्यामुळे समोरून पाहून काहीही कळत नाही. कळते ते मागून आणि खालून: क्रमांकाच्या शेवटचे अक्षर, स्क्रूची जात, तारांवरचे कापडी वेष्टण, आणि आपल्याकडच्या दमट पावसाळ्याचा विचार करून कॉइलवर चढवलेला मेणाचा थर. मी पुण्यात एका प्रयोगशाळेत पृष्ठभागांचा अभ्यास करते. पदार्थाच्या सर्वांत वरच्या थरावर काय काय घडून गेले हे ओळखणे हा माझा व्यवसाय आहे, आणि जुने रेडिओ ओळखणे हा त्याच सवयीचा सुट्टीच्या दिवशीचा विस्तार. या उपकंपनीच्या सर्व सेटांची एक सचित्र सूची मी तयार करते आहे. तिच्या तोडीची दुसरी सूची कुठेही नाही, हे मी फुशारकी म्हणून नव्हे, माहिती म्हणून सांगते.

सूचीचे पहिले पान मात्र रिकामे होते. जुळणीच्या अगदी आरंभीचा सेट, पेटी तिकडची आणि हात इकडचे असा, मला कुठेच मिळत नव्हता. असा सेट कधी निघालाच नाही, असे परदेशातले जाणकार मला मोठ्या सौजन्याने कळवत. नुसत्या छायाचित्रांवर आम्ही विश्वास ठेवत नाही, हेही तितक्याच सौजन्याने कळवत. त्यांच्यासमोर ठेवायला मला प्रत्यक्ष वस्तू हवी होती. आणि ती कुठे आहे याचा मला दाट संशय होता, कारण माझ्या लहानपणातला बराच काळ ती माझ्या डोक्याच्या वर, भिंतीतल्या एका फळीवर होती.

अण्णा, म्हणजे माझे वडील, फोनवर ओरडूनच बोलतात. उभा जन्म यंत्रमागांच्या खडखडाटात गेला, त्यामुळे सगळे जग बहिरे आहे अशी त्यांची समजूत आहे.

"मालकाचा कारखाना रिकामा व्हायलाय," ते ओरडले. "माग गेलं समदं. रेडिओ तेवढा ऱ्हायलाय. मालक म्हंतो, तुझ्या पोरीला बोलीव, ती शिकल्याली हाय, बगंल म्हनून."

"बघेल म्हणजे? देणार आहेत का मला?"

"फॉरेनचा निगाला तर नातवाकडं जानार, हैद्राबादला, काचंच्या कपाटात. हितला निगाला तर तू न्यायचा. तसा शबूद दिलाय मालकानं." मग माझी कीव आल्यासारखा आवाज खाली आणून, म्हणजे इतर माणसांच्या नेहमीच्या आवाजात, ते म्हणाले, "पन फॉरेनचाच हाय त्यो. उगं आशा लावून येऊ नगंस."

मी आशा लावूनच गेले.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या त्या गल्लीत एके काळी रस्त्यावर उभे राहिले तरी तळपायाला माग जाणवत. आता गल्लीत फक्त एका पिठाच्या गिरणीचा आवाज होता. कारखान्याच्या दारात अण्णा माझ्या पुढे झाले आणि सवयीने त्यांनी चपला बाहेर काढल्या. आत मागांच्या जागी फरशीवर काळ्या तेलाचे चौकोन उरले होते, एकामागे एक, ओळीने. यंत्रे उचलून नेली तरी त्यांच्या सावल्या कुणी नेल्या नव्हत्या. आणि वास मात्र जसाच्या तसा होता. खळीचा आंबूस वास, तापलेल्या सुताचा, यंत्राच्या तेलाचा, आणि या सगळ्यांच्या तळाशी ओल्या पोत्याचा. वासाचे रेणू इतकी वर्षे टिकत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरीही मी दारातच थांबले.

उन्हाळ्यात शाळा सकाळची असे. सुटली की मी अण्णांचा डबा घेऊन इथे येई. डब्यात कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. चटणीचे तेल झाकणातून पाझरून माझ्या दप्तराला लागे, आणि माझ्या विज्ञानाच्या वहीला त्या वर्षी शेंगदाण्याचा वास होता. आवाज इतका असे, की दारातून आत शिरताना तो छातीला लागे. आत कुणी कुणाशी बोलत नसे. हातांनी, भुवयांनी, ओठांच्या हालचालींनी सगळे चाले. मी सुताच्या गाठोड्यांवर बसे, आणि समोरच्या फळीवर तो रेडिओ चालू असे.

हे मला त्या वयातही खटकत असे. मागांच्या आवाजात रेडिओ ऐकू येणे शक्यच नव्हते. वीज गेली की माग थांबत, पण मग रेडिओही थांबे. ऐकायला शांतता हवी, आणि शांतता यायची ती विजेला बरोबर घेऊन जायची. इतकी निर्दोष निरर्थक रचना मी पुढे कुठल्याही प्रयोगशाळेत पाहिली नाही. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी अण्णांना विचारले, "माग चालू असताना ऐकू येत नाही, तर लावता कशाला?"

अण्णा भाकरी मोडत म्हणाले, "दिसतोय की."

आणि तो दिसे, हे खरे होते. काचेमागचा पिवळा उजेड, काचेच्या कोपऱ्यात एक हिरवा डोळा. स्टेशन नीट लागले की त्या डोळ्याची उघडी फट मिटत जाई, स्टेशन सरकले की पुन्हा रुंदावे. मागावरून वर पाहिले की माणसांना कळे, कुणीतरी कुठेतरी गात आहे किंवा बातम्या सांगत आहे, आणि जग चालू आहे. त्यांना तेवढे पुरत असे. जेवणाच्या सुट्टीत मात्र माग एकेक करून थांबत, शेवटचा थांबला की कानात एक बारीक शिट्टी वाजत राही, आणि त्या शिट्टीच्या आतून हळूहळू गाण्याचा मधलाच एखादा तुकडा वर येई. सुरुवात कधीच मिळत नसे. आजही कुठलेही जुने गाणे पहिल्यापासून लागले, की मला ते अनोळखी वाटते.

काचेवर स्टेशनांची नावे होती: ओस्लो, प्राग, लक्झेंबर्ग. विजापूरकडची कन्नड गाणी प्रागला लागत. मराठी बातम्या ओस्लोच्या किंचित अलीकडे. सुट्टीत कुणीतरी ओरडे, "ए, ओस्लो लाव, पावसाचं सांगत्यात!" आणि जत तालुक्यातून आलेला एखादा माणूस चटणीच्या बोटांनी काटा अचूक ओस्लोच्या अलीकडे नेऊन थांबवी.

"आली का पापा? लई मोठी झालीस की," मालक म्हणाले. तेलुगू घरांत लहान मुलीला पापा म्हणतात. मालकांनी मला कधीच दुसरे काही म्हटले नाही आणि आता म्हणण्याची शक्यताही दिसत नव्हती. ते खिडकीखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते, पांढऱ्या धोतरात, अंगाने निम्मे झालेले. समोरच्या स्टुलावर रेडिओ होता, आणि त्याच्यावर चादरीचा एक तुकडा पांघरलेला होता, एखाद्या आजारी माणसाला पांघरावा तसा.

"बघ. आरामात बघ. पण मी तुला आधीच सांगतो. माझ्या आज्जानं हा मुंबईच्या बंदरातनं उचललाय. बोटीतनं उतरताना."

"उचललाय म्हणजे?"

"म्हंजे विकत घेतलाय गं अम्मा! कसं बोलती बघ ही, बिरप्पा."

"पुन्यात ऱ्हाऊन असंच बोलती मालक," अण्णा म्हणाले.

मी चादर काढली. पेटी तिकडची होती. अक्रोडाच्या लाकडाचा तसा पातळ पापुद्रा आपल्याकडे कधी लागला नाही. काचही तिकडची. मी मागची बाजू फिरवली आणि क्रमांकाची पितळी पाटी शोधली. पाटी होती. आरशासारखी लखलखत होती. तिच्यावर एकही अक्षर नव्हते.

"ही पाटी कुणी घासली?"

"घासली न्हाय," मालक दुखावून म्हणाले. "पूजा केली."

"कशाने?"

"चिंचेनं. पितळंला चिंच न्हाय लावायची तर काय लावायचं? दर खंडेनवमीला. माझ्या आज्जापासून."

मी डोळे मिटले. पितळेवर कोरलेली उथळ अक्षरे, त्यांच्यावर वर्षानुवर्षे चिंचेचे आम्ल, आणि वरून सुती चिंधीचा भक्तिपूर्वक घासा. यापेक्षा परिणामकारक पद्धत मीसुद्धा सुचवू शकले नसते. बाहेरून वाचता येईल अशी निर्मात्याने आपली ओळख जिथे लिहून ठेवली होती, नेमकी तेवढीच जागा या लोकांनी पूजा करून पुसली होती.

"तुझी आईच घासायची," अण्णा म्हणाले.

ते मला आठवत होते. खंडेनवमीला माग बंद असत. आदल्या दिवशी ते रॉकेलने पुसून काढत, आणि सकाळी प्रत्येक मागाला झेंडूची माळ. आडवा धागा नेणारे धोटे ओळीने मांडून त्यांच्या टोकांना हळदकुंकू. आई आणि बाकीच्या बायका, ज्या एरवी कोपऱ्यात बसून धोट्यांसाठी सुताच्या कांड्या भरत, त्या दिवशी नव्या लुगड्यांत सगळ्या कारखान्याच्या मालकिणींसारख्या वावरत. आणि रेडिओ! वर्षातला हा एकच दिवस असा, की दिवसभर माग बंद आणि वीज चालू. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो ऐकू येत राही. पण त्या दिवशी तो कुणी फारसा ऐकत नसे. पुरुष दबक्या आवाजात बोलत, मग लक्षात येई की दबण्याचे कारण नाही, मग मोठ्याने बोलत, मग लक्षात येई की ओरडण्याचेही कारण नाही. माणसे आपापल्या आवाजाला लाजत. झेंडूचा तो कडवट वास तेलाच्या वासात मिसळला, की मला अजून अकारण सुट्टी लागल्यासारखे वाटते.

मी मागच्या झाकणाचे चार स्क्रू काढून चादरीवर ठेवले आणि झाकण सोडवले. आत रेडिओ दिसलाच नाही. दिसली ती सुताची लव. तिने पेटी गच्च भरली होती, आणि ती करडी नव्हती. तळाला गर्द तांबडी, तिच्यावर मोरपंखी, मग पांढरी, मग पिवळट, मग पुन्हा तांबडी. ज्या हंगामात मागावर जो रंग असेल त्याची लव हवेत उडायची, आणि आतल्या तापलेल्या काचेच्या व्हॉल्व्हमुळे पेटीत जी हवा वर चढते तिच्या ओढीने आत येऊन बसायची. नदीच्या कापलेल्या काठात जशी पुरांची नोंद असते, तशी ही चादरींची नोंद होती. पांढरा थर म्हणजे उन्हाळ्यातले टॉवेल. मोरपंखी म्हणजे संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेआधीची थंडी, जाड चादरींचे दिवस. तेव्हा अण्णा घरी येत ते मोरपंखी भुवया घेऊन, आणि आई त्यांना दारातच उभे करून टॉवेलने झटकी. तांबड्या हंगामात न्हाणीच्या मोरीतून तांबडे पाणी जाई. शेजारच्या गायीने एकदा ते प्यायले, म्हणून शेजारीण आमच्याशी बरेच दिवस बोलत नव्हती. कुठला रंग कुठल्या वर्षी, हे मी सांगू शकत नाही. पण त्या थरांत कुठेतरी माझी चौथी होती, कुठेतरी माझी दहावी, आणि कुठेतरी तो हिवाळा होता ज्यात आई कोपऱ्यातल्या जागेवरून उठून घरी आली आणि पुन्हा इथे आली नाही.

मी चिमटा घेऊन पहिला नमुना उचलणार, एवढ्यात अण्णा खाली वाकले.

"अण्णा, फुं..."

त्यांनी फुंकले. मागवाल्याची फुंकर ती. तोंड लावून धोट्यातून धागा ओढणाऱ्या छातीची. मोरपंखी, तांबडे, पांढरे सगळे एकत्र उसळून खिडकीच्या उन्हात गेले आणि तिथे बराच वेळ, अतिशय सुंदर दिसत, तरंगत राहिले.

"आता दिसतंय बग आतलं," अण्णा समाधानाने म्हणाले.

वैतागाचीही एक मर्यादा असते आणि तिच्या पलीकडे एक प्रकारची प्रसन्नता असते. मी तिथे पोहोचले होते. मालकांच्या डोक्यावर एक पिवळा तंतू उतरला. तो त्यांनी काढला नाही.

मी तळाचे स्क्रू काढून आतला पत्र्याचा सांगाडा बाहेर ओढला आणि चादरीवर पालथा ठेवला. खालची बाजू स्वच्छ होती, कारण तिथपर्यंत कुणाची भक्ती पोहोचली नव्हती. तारांवरचे कापडी वेष्टण आपल्याकडचे. तारा जोडताना कथलाचा डाक लावण्याची पद्धत उपकंपनीची. त्यांचे थेंब थोडे जाड असतात. आणि पत्र्याच्या कडेला, पुसट पण निःसंशय, ठोकलेले क्रमांकाचे ते शेवटचे अक्षर. माझ्या सूचीचे पहिले पान माझ्या हातांत होते. ते अक्षर मी तीनदा वाचले, हे मी केवळ निरीक्षण म्हणून नोंदवते.

"काय?" मालकांनी विचारले.

"पेटी तिकडची आहे. काच तिकडची आहे. जुळणी इथली आहे. आपल्या देशात, त्यांच्या उपकंपनीच्या कारखान्यात झालेली."

"नीट बग," अण्णा म्हणाले.

"नीटच बघितलंय."

"आगं, काचंवर ओस्लो लिवलंय! ओस्लो काय बार्शीजवळ हाय व्हय?"

"अण्णा, काच तिकडची आहे असं मी आत्ताच म्हणाले."

"मग रेडिओ हितला कसा? मानसाचा चष्मा फॉरेनचा आसला म्हनून मानूस..." ते थांबले. दृष्टान्त आपल्याच अंगावर येतो आहे हे त्यांच्या ध्यानात आले होते. "तुला कुनी सांगितलं हुतं इतकं शिकायला?"

मालक त्या पालथ्या सांगाड्याकडे पाहत होते. आज्जा, बंदर, बोट, सगळे त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक करून उतरत गेले, आणि मला प्रथमच जाणवले की या माणसाचे माग विकले गेल्यानंतर त्याच्याकडे सांगण्यासारखी ही एकच गोष्ट उरली होती. त्याबद्दल मला वाईट वाटले. पण अक्षर तिथे होते, आणि मी ते ठोकले नव्हते.

"म्हंजे हितला," मालक अखेर म्हणाले.

"हो."

"मग घेऊन जा, पापा. बोललोय मी." त्यांनी हात झटकला. "हितला तर हितला. भंगारच म्हणायचं."

इथे मी गप्प बसायला हवे होते. सांगाडा पेटीत सरकवून, चादर गुंडाळून, रिक्षा बोलावून निघायला हवे होते. मला हवे ते मिळाले होते, आणि ते खरे बोलून मिळाले होते. असे क्वचित घडते. पण 'भंगार' हा शब्द मला सहन झाला नाही. चुकीचे वर्गीकरण मला कुणाच्याही तोंडून सहन होत नाही.

"भंगार नाही," मी म्हणाले. "हे बघा." आणि मी मोबाइलचा उजेड मोठ्या कॉइलवर धरला.

ती मघाशीच माझ्या नजरेस पडली होती. कॉइलचे शेवटचे टोक सुटू नये म्हणून त्यावर मेणाचा थेंब दाबलेला होता, आणि मेण थंड होण्याआधी कुणीतरी त्यावर बोट टेकवले होते. बोटाचा ठसा पूर्ण उमटला होता, रेषान् रेषा. लहान बोट. आणि त्या सगळ्या गोल रेषांना छेदत एक आडवी, खोल, सरळ खाच गेली होती.

"ही जखम नाही," मी सांगितले. "जखमेची कड अशी गुळगुळीत नसते. त्या कारखान्यांत कॉइल गुंडाळायला बायका असत. तांब्याची बारीक तार दिवसभर एकाच बोटावरून सरकत असणार. त्याची ही खाच."

मालक खुर्चीतून उठले. त्यांना उठायला वेळ लागला. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि डोळा जवळजवळ कॉइलला लावला.

"कांडीवाली," ते म्हणाले.

"कॉइल," मी म्हणाले.

"तेच गं. कांडीवालीच की ती." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "माझ्या अम्माला होती अशी. उजव्या हाताला. आज्जानं पहिलं माग घ्यायच्या आधी ती दुसऱ्याच्या कांड्या भरायची. भात कालवताना खाचंत भात अडकायचा तिच्या. मी लहान होतो, मी काडीनं काढून द्यायचो."

मला आईचे बोट आठवले. आठवले म्हणजे दिसले नाही, जाणवले. ताप आला की ती माझ्या कपाळावर हात ठेवी, आणि सगळ्या मऊ हातात तेवढी एकच जागा खरखरीत असे. ती जागा कुठल्या बोटावर होती हे मला आज सांगता येत नाही. इतक्या सूक्ष्म गोष्टी मोजायला शिकले, आणि एवढी साधी नोंद माझ्याकडे नाही. अण्णांना मी विचारणार होते. पण अण्णा भिंतीकडे तोंड करून रिकाम्या फळीवरची धूळ हाताने पुसत होते, नको इतकी काळजीपूर्वक.

"ह्यो हितंच ऱ्हाऊ दे, पापा," मालक म्हणाले.

"काय?"

"माझ्याकडं. घरी नेतो. देवघराच्या शेजारी ठेवतो."

"मालक, तुम्ही शब्द दिलाय. इथला निघाला तर माझा."

"दिलाय की. हितला म्हंजे भंगार, असं डोस्क्यात होतं माझ्या. तूच म्हणालीस की भंगार न्हाय."

"ते मी शास्त्रीय अर्थाने म्हणाले!"

"मी पन त्याच अर्थानं ऐकलो की."

"आणि हैदराबादचं काचेचं कपाट?"

"त्याला फॉरेनचा पायजे. हा फॉरेनचा न्हाय. तूच सांगितलीस."

मी अण्णांकडे पाहिले. आयुष्यभर माझी बाजू घेण्याची संधी त्यांनी सहसा सोडली नाही. आज त्यांनी ती सोडली. "मालक म्हंतो ते खरं हाय," ते भिंतीला म्हणाले.

मी युक्तिवाद केला. सूचीबद्दल सांगितले, पहिल्या पानाबद्दल, परदेशातल्या त्या सौजन्यशील माणसांबद्दल. नुसत्या छायाचित्रांवर ते विश्वास ठेवणार नाहीत, हे सांगितले. मालकांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मग त्यास्नी हितं बोलीव. चहा पाजू." प्रयोग पुन्हा करून पाहायची सोय असती, तर मी कुठले वाक्य गाळले असते, हे मला नेमके ठाऊक आहे. आणि ते मी गाळले नसते, हेही. दिसलेली गोष्ट नोंदीतून वगळायची, हे मला कुणी शिकवलेले नाही.

मी फोटो काढले. अंतर मोजले, तारांचे रंग लिहिले, मेणाच्या ठशावर तिरका उजेड टाकून पुन्हा फोटो काढले. मग सांगाडा पेटीत सरकवून तळाचे स्क्रू आवळले. मालकांनी तोवर कोपऱ्यातला एक पत्र्याचा डबा आणला होता. माग गेले तरी त्यांच्या सुट्या भागांचा तो डबा राहिला होता. त्यातून त्यांनी भलेमोठे गंजके स्क्रू निवडले आणि एक रेडिओच्या मागच्या झाकणाला लावून जोराने पिळायला सुरुवात केली. अक्रोडाचे लाकूड कुरकुरले.

"अहो, काय करताय! तो मागाचा स्क्रू आहे!"

"मजबूत बसतो की."

"आटे वेगळे आहेत त्याचे. लाकूड फुटेल. द्या इकडे."

मी पेचकस त्यांच्या हातून अक्षरशः ओढून घेतला. चादरीवर मी काढून ठेवलेले मूळ चार स्क्रू होते. ते पुसले, झाकण सरळ केले आणि एकेक बसवू लागले. माझा नसलेला रेडिओ मी माझ्या हाताने बंद करत होते. अण्णांनी झाकणाची दुसरी कड न सांगता धरून ठेवली होती. मालक माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होते, आणि त्यांच्या श्वासाला तंबाखूचा वास होता.

"आवळ की जरा," ते म्हणाले. "ढिलं वाटतंय."

"नाही," मी म्हणाले. "इतकंच ठेवायचं. मला तो पुन्हा उघडायचा आहे."